बर्फाला दिवस द्या

आपल्याकडे सहल ठरली की पहिला प्रश्न येतो, ‘काय काय बघायचं?’ काश्मीरचंच घ्या. पहिला दिवस श्रीनगर, दुसरा सोनमर्ग, तिसरा गुलमर्ग, चौथा-पाचवा पहलगाम, सहाव्या दिवशी शिकाऱ्यातून फेरफटका आणि सातव्या दिवशी परत. यात गुलमर्गच्या वाट्याला येतात जेमतेम पाच तास. भाड्याचे गमबूट आणि लांब कोट चढवायचे, गोंडोलाच्या रांगेत उभं राहायचं, घसरगाडीवरून एक फेरी मारायची, गरमागरम मॅगी खायची, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत श्रीनगर गाठायचं. या सहलीला मी मुळीच नावं ठेवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेतल्यावर काय वाटतं, हे कोकणातल्या, देशावरच्या नि विदर्भातल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. पण हल्ली पुष्कळ जण विचारतात, ‘आम्हाला नुसतं बघायचं नाही, स्कीइंग करायचंय. बेत कसा आखायचा?’ आजच्या गप्पा त्यांच्यासाठी.

मी काही खेळाडू नाही. बँकेत नोकरी केली, सह्याद्रीत थोडी भटकंती केली आणि २००६ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, गुलमर्गला पहिल्यांदा पायाला स्की बांधल्या. त्यानंतर जमेल तसे हिवाळे तिथं काढले. कधी भाचरं बरोबर होती, कधी बँकेतल्या मैत्रिणी, कधी सोसायटीतली दोन-तीन कुटुंबं. या सगळ्या वर्षांतून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. स्कीइंगच्या सहलीत पैसे, कपडे, हॉटेल हे सगळं महत्त्वाचं आहेच; पण सगळ्यांत आधी मोजायचे ते दिवस. एका जागी राहायचे दिवस आणि त्यातले काही चक्क रिकामे ठेवलेले दिवस. हे दिवस हाताशी असले की बाकीच्या अडचणी निभावून नेता येतात. नसले, तर कितीही खर्च करा, हाती फक्त फोटो लागतात.

आधी जागा ठरवू. आपल्या देशात नवशिक्यानं विचार करावा अशी मुख्य ठिकाणं तीन. काश्मीरमधलं गुलमर्ग, उत्तराखंडमधलं औली आणि हिमाचलात मनालीजवळचं सोलंग. सोलंग मनालीपासून जवळ आहे, पोहोचायला सोपं आहे, पण तिथं बर्फ कमी-जास्त होतो आणि गर्दी फार. औलीचा उतार सुरेख. समोर ७,८१६ मीटर उंचीचं नंदादेवी शिखर दिसतं. गढवाल मंडल विकास निगम तिथं आठवड्याचे आणि दोन आठवड्यांचे वर्ग चालवतं. मात्र हृषीकेशपासून जोशीमठापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता आहे. त्यात एक पूर्ण दिवस जातो. जोशीमठाहून औलीला नेणारा चार किलोमीटरचा रोपवे जमीन खचण्याच्या प्रकारानंतर जानेवारी २०२३ मध्ये बंद करण्यात आला. त्यामुळे औलीचा बेत आखताना वरपर्यंत गाडीरस्त्यानंच जायचं, असं धरून चालावं.

मी गुलमर्गबद्दल जास्त बोलणार आहे, कारण ते मला अधिक ठाऊक आहे. ‘मर्ग’ म्हणजे कुरण. गुलमर्ग म्हणजे फुलांचं कुरण. श्रीनगरहून सुमारे पन्नास किलोमीटर. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये तिथं स्की क्लब काढला, तेव्हापासून या उतारांवर स्कीइंग चालू आहे. उंची साधारण २,६५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे गुलमर्गचं मैदानच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर उंच. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, सुमारे ३,१०० मीटरवर. तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. तो अफरवत डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. नवशिक्यांचे उतार मात्र खाली कुरणातच आहेत, आणि पहिले चार दिवस तुमचं सगळं जग तेवढंच असणार आहे.

आता तारखा. इथंच आपलं आणि बर्फाचं जमत नाही. आपल्या सुट्ट्या दिवाळीच्या, नाताळच्या आणि मे महिन्याच्या. काश्मीरचा हिवाळा वेगळ्या पंचांगानं चालतो. २१ डिसेंबरच्या सुमारास ‘चिल्लई कलान’ सुरू होतो. हे चाळीस दिवस सर्वांत कडाक्याचे. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि मग दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’, म्हणजे थंडीचं शेंडेफळ. तो फेब्रुवारीच्या अखेरीला संपतो. स्कीइंगसाठी भरवशाचा काळ मानला जातो तो जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, उंचावरच्या उतारांवर मार्चमध्येही. नाताळात बर्फ पडलेला असेलच असं नाही, आणि माणसं मात्र असतातच. फेब्रुवारीत बर्फ चांगला, तर आपल्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा. ज्या घरात बोर्डाचं वर्ष आहे, त्यांनी त्या वर्षी हा विषय काढूच नये. इतरांनी शाळेतल्या बाईंशी आधीच बोलून जानेवारीअखेरचा आठवडा मागून घ्यावा. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी घेतली की बरीच सोय होते. मात्र तेव्हा गर्दीही वाढते.

पण पंचांगात लिहिलं म्हणून बर्फ पडतोच, असंही आता राहिलेलं नाही. काश्मीरचा बर्फ आपल्या मोसमी पावसासारखा येत नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूनं पश्चिमी झंझावात येतात, ते हिमालयाला अडतात आणि बर्फ टाकतात. ते आले नाहीत, किंवा आले पण दुबळे निघाले, तर डोंगर कोरडा. जानेवारी २०२४ मध्ये असंच झालं. ऐन चिल्लई कलानमध्ये गुलमर्गचं कुरण पिवळं पडलेलं होतं. मी आमच्या स्कीच्या मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडमजी, या वर्षी घोडेसुद्धा बर्फाऐवजी गवतात उभे आहेत.” बर्फ आला तो महिना संपता संपता, आणि मग फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धाही तिथं पार पडल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, याच स्पर्धा फेब्रुवारीत ठरल्या होत्या; पुरेसा बर्फ नाही म्हणून पुढं ढकलाव्या लागल्या आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाल्या. सरकारी यंत्रणा पाठीशी असलेल्या स्पर्धांना जिथं तारीख बदलावी लागते, तिथं आपल्या चार जणांच्या आरक्षणाची काय कथा!

म्हणून माझा हिशोब असा असतो. मुंबई-पुण्याहून निघाल्यापासून परत येईपर्यंत दहा दिवस. त्यात येण्या-जाण्याचे दोन. पोहोचल्यावर एक दिवस नुसता विसाव्याचा. उंचीवरच्या हवेची शरीराला ओळख व्हायला हवी. पाच दिवस शिकण्याचे. आणि दोन दिवस कोरे. या दोन दिवसांवर काहीही लिहायचं नाही. धो-धो बर्फ पडून सगळं बंद झालं, तर ते कामी येतात. श्रीनगरचा विमानतळ धुक्यानं किंवा बर्फानं अडला, तर कामी येतात. काहीच अडलं नाही, तर दोन दिवस जास्त स्कीइंग. रजा कमी असेल तर सोनमर्ग-पहलगाम गाळा, पण हे दोन दिवस गाळू नका. आणि परतीच्या विमानाला जोडून दुसऱ्याच दिवशी मुलाची परीक्षा किंवा ऑफिसची बैठक ठेवू नका. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे धावू लागली आहे. विमानं रद्द झाली किंवा जम्मूचा महामार्ग दरड कोसळून बंद पडला, तर तो एक पर्याय मनात असू द्यावा.

आता शरीराकडे वळू. स्कीइंगला हात-पाय मोडतात, असं आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. खरं दुखणं असतं ते गुडघ्याचं. पाय स्कीमध्ये अडकलेला आणि शरीर वळलेलं, अशा वेळी गुडघ्यातल्या शिरेवर ताण येतो. मांड्या दमल्या की हे हटकून होतं, म्हणून पडापडी बहुतेक दुपारनंतर होते. यावर उपाय सोपा आहे आणि फुकटचा आहे. सहलीच्या आठ आठवडे आधीपासून इमारतीचे जिने चढा आणि विशेषतः उतरा. उतरताना मांडीचे स्नायू ज्या पद्धतीनं काम करतात, तेच काम बर्फाच्या उतारावर लागतं. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसा. पहिल्या आठवड्यात तीस सेकंद, मग वाढवत न्या. उत्कटासन येत असेल तर उत्तमच. शनिवार-रविवार एखादा किल्ला करा. ज्यांना हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगूनच विचारावं. ‘काश्मीरला जातोय’ असं म्हटलं, तर डॉक्टर श्रीनगर धरतील. ‘गोंडोलानं ३,९०० मीटरवर जाणार आहे’ असं सांगितलं, तर त्यांचं उत्तर बदलू शकेल.

कपड्यांची खरेदी हा आपला आवडता भाग, म्हणून थोडक्यात सांगते. स्की, काठ्या आणि बूट विकत घेऊ नका. तिथं भाड्यानं मिळतात. विकत घ्यायचे ते हातमोजे, गॉगल आणि लोकरीचे पायमोजे. अंगालगत सुती कपडा नको. सुती कपडा घामानं भिजला की वाळत नाही आणि थंडी हाडात शिरते. पायमोजा एकच, पातळ. आपण थंडीच्या भीतीनं तीन-तीन मोजे घालतो, बूट आवळतो, रक्त फिरायचं थांबतं आणि पाय अधिकच गार पडतात. बूट निवडताना पुढं वाका; टाच आत उचलली जात असेल तर तो बूट मोठा आहे. दुकानदार घाई करेल, तरी अर्धा तास बुटांना द्या. बुटाला स्कीशी जोडणारी जी पकड असते, ती पडल्यावर सुटावी लागते. ती तुमच्या वजनाप्रमाणं आणि नवखेपणाप्रमाणं लावून घ्या. घट्ट लावलेली पकड म्हणजे गुडघ्याला आमंत्रण. हेल्मेट मागून घ्या. आणि ढगाळ असलं तरी गॉगल काढू नका. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवतो. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, त्याचं कारण हेच.

आणखी दोन बारीक गोष्टी. राज्याबाहेरचं प्रीपेड मोबाइल कार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरात निदान एकाकडं ते असू द्या. आणि प्रवास विम्याचा कागद वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. बारीक अक्षरातलं ते वाक्य निघण्याआधी वाचलेलं बरं.

आता शिक्षक. तुमच्या सगळ्या बेतात सर्वांत जास्त पैसा कुठं घालायचा असेल, तर तो शिक्षकावर. हॉटेल एक पायरी खालचं घेतलं तरी चालेल. खोलीत बुखारी किंवा हीटर आहे का, बर्फात वीज गेली तर जनित्र आहे का आणि उतारापर्यंत चालत जाता येतं का, एवढं विचारलं की पुरे. पण शिक्षक चांगला हवा. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. तिच्या निवासी वर्गाची चौकशी शरद ऋतूतच करावी. खासगी मास्तर घ्यायचा, तर त्याच्याकडं पर्यटन खात्याचा परवाना आहे का ते पाहा आणि रोजचे तास, सामानाचं भाडं, सगळं आधी स्पष्ट बोलून घ्या. टंगमर्गला गाडी थांबताच पाच-सात जण भोवती जमतील. त्यांच्यावर चिडू नका. त्यांचा अख्ख्या वर्षाचा धंदा या दोन महिन्यांत आहे. हसून ‘आमचं ठरलंय’ म्हणा आणि पुढं चला.

शिकण्याचा क्रम काय असतो, तेही सांगते, म्हणजे निराशा होणार नाही. पहिला दिवस बूट घालून चालण्यात, पडण्यात आणि उठण्यात जातो. हो, उठणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून नांगराच्या फाळासारखा आकार करायला शिकवतात. याला ‘स्नो-प्लाऊ’ म्हणतात. हा तुमचा ब्रेक. तिसऱ्या दिवशी सगळं अंग दुखतं आणि कालचं काहीच येईनासं होतं. नेमक्या याच दिवशी बहुतेक लोक ‘हे आपलं काम नाही’ म्हणून घोड्यावर बसायला जातात. थांबा. चौथ्या दिवशी वळणं जमू लागतात. मास्तर सारखं सांगत असतात, ‘पुढं झुका.’ आपलं मन म्हणतं, उतारावर पुढं झुकलं तर तोंडावर पडू. प्रत्यक्षात मागं रेललं की स्की हातातून सुटते आणि पुढं झुकलं की ती ऐकते. ही गोष्ट शरीराला पटायला चार दिवस लागतात. सांगून पटत नाही. पाचव्या दिवशी तुम्ही कुरणातला तो उतार वरपासून खालपर्यंत उतरता आणि जिथं ठरवलं तिथं थांबता. वेगाचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल, तर पाच दिवसांची खरी कमाई म्हणजे हे थांबता येणं.

आता जरा गंभीर बोलते. गुलमर्गचा दुसरा टप्पा जगभरातले स्कीपटू गाजवतात. ते उतार बहुतांश नैसर्गिक आहेत, रोलर फिरवून सपाट केलेले नाहीत. तिथं हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या प्रशिक्षण शाळेचे सतरा जवान हिमस्खलनात गेले. बर्फात वावरणं हेच ज्यांचं काम, अशी ती माणसं होती. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतवर पोलंडचे दोन स्कीपटू गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर ताज्या बर्फाचा थर खालच्या जुन्या थराला नीट धरून नसला, की एका माणसाच्या वजनानंही तो पाटीसारखा सुटतो. हिमस्खलनात सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो थर त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच हलवलेला असतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची आशा चांगली. नंतर ती झपाट्यानं कमी होते. म्हणून वर जाणारे लोक अंगावर संदेश पाठवणारं यंत्र, फावडं आणि घडीची सळई बाळगतात. ज्याच्याकडं या तीन वस्तू नाहीत, त्या वापरायचा सराव नाही आणि बरोबर जाणकार वाटाड्या नाही, त्यानं दोरी लावलेल्या हद्दीपलीकडं पाऊल टाकू नये.

२०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या गटात एक तरुण डॉक्टर होता. चार दिवसांत छान शिकला होता. रात्रभर हातभर बर्फ पडला, सकाळी लख्ख ऊन. तो म्हणाला, “आज दुसऱ्या टप्प्यावर जाऊ, असा दिवस पुन्हा मिळायचा नाही.” मास्तर नाही म्हणाले. त्यानं दुप्पट पैसे देऊ केले. मास्तरांनी काठी बर्फात खुपसली, थर दाखवला आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, नवीन बर्फ पडल्यावर आम्ही डोंगराला एक-दोन दिवस देतो. तुमचं विमान परवा आहे, डोंगराचं नाही.” त्या दिवशी आम्ही खालीच राहिलो. वर काही घडलं का? काहीही घडलं नाही. पण पैसे परत करून ‘नाही’ म्हणणारा शिक्षक मिळाला, हे त्या सहलीतलं आमचं भाग्य, असं मी आजही मानते. आणि ज्याच्या बेतात कोरे दिवस नसतात, त्यालाच असा हट्ट सुचतो, हेही तेव्हा दिसलं. गोंडोला वाऱ्यामुळे बंद ठेवला की रांगेतले लोक आरडाओरडा करतात. जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्यात झाड कोसळलं, गोंडोलाची केबिन खाली पडली आणि सात जणांचे प्राण गेले. बंदची पाटी दिसली की हे आठवावं आणि कहवा प्यायला जावं. आपल्या घाटांत पाटी असते ना, ‘अति घाई संकटात नेई’, ती तिथंही लावायला हरकत नाही.

उतारावरचे नियम जगभर सारखे आहेत आणि मुलांना घरूनच पाठ करून न्यावेत. तुमच्या पुढं, म्हणजे खालच्या बाजूला असलेल्या माणसाचा हक्क पहिला. त्याला चुकवण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची. थांबायचं ते कडेला, आणि वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी. निघण्याआधी वर बघायचं. ज्यांची मुलं जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये आहेत आणि जे यंदा आल्प्समध्ये जाणार आहेत, त्यांनाही हेच नियम. तिथं उतारांना रंग असतात. निळा सोपा, तांबडा मध्यम, काळा कठीण. फ्रान्समध्ये त्याहून सोपा हिरवाही असतो. नातवंडं तांबड्यावर गेली म्हणून आजी-आजोबांनी तिकडं वळू नये.

सुरक्षिततेचा प्रश्न टाळून चालणार नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ जे घडलं, त्यात महाराष्ट्रातल्या घरांतली माणसंही गेली. त्यानंतर काश्मीरला जावं की नाही, हा ज्यानं-त्यानं ठरवायचा प्रश्न आहे. ज्याला जाववत नाही, त्याला मी आग्रह करणार नाही. औली आणि सोलंग आहेतच. जायचं ठरवणाऱ्यांनी त्या आठवड्यातल्या सरकारी सूचना पाहाव्यात आणि स्थानिक प्रशासनानं बंद केलेल्या वाटेला जाऊ नये.

आणि शेवटी त्या माणसांबद्दल, ज्यांच्या भरवशावर आपण जातो. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. तो याच टंगमर्ग परिसरातला. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला. हा आकडा ऐकून आपल्याकडं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; पण आमच्या हॉटेलात आचाऱ्यापासून खोल्या झाडणाऱ्या पोरांपर्यंत सगळे एका मोबाइलभोवती गोळा झाले होते. त्यांच्यातल्या प्रत्येकाला तो उतार पायांनी ठाऊक होता.

बर्फ आला नाही की या घरांचा हिवाळा बुडतो. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या मास्तरांकडं सलग तीन आठवडे एकही विद्यार्थी नव्हता. ज्यांनी आगाऊ रक्कम दिली होती, त्यांतल्या पुष्कळांनी ती परत मागितली, आणि त्यांनी ती दिली. कायद्यानं पाहिलं तर मागणाऱ्यांचं काही चुकलं नाही. पण आमच्या गटात आम्ही तेव्हापासून एक रीत पाळतो. आगाऊ रक्कम देतानाच ठरवायचं, की बर्फ नसेल तर पैसे परत नकोत, तारीख पुढं सरकवू. याच मोसमात नाही जमलं तर पुढच्या. आपल्याला सवलतीचं तिकीट थोडं महाग पडतं, त्यांच्या घरी जानेवारीत चूल पेटती राहते, आणि पुढच्या वर्षी आपली मुलं हातात घेणारा माणूस ओळखीचा असतो. ओळखीच्या शिक्षकाकडं दुसऱ्या वर्षी मूल पहिल्या दिवसापासून सुरुवात करत नाही. जिथं सोडलं तिथून करतं. नुसता व्यवहार पाहिला तरी हे फायद्याचंच आहे.

तेव्हा बेत आखायचा तो असा. ऑक्टोबरमध्ये शिक्षकाशी बोलून घ्या. नोव्हेंबरपासून लिफ्ट सोडा आणि जिना धरा. डिसेंबरमध्ये बर्फाची बातमी ऐकत राहा, पण एका वृत्तावरून हुरळूनही जाऊ नका आणि रद्दही करू नका. तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. मुलं पाच-सहा वर्षांची असतील तर त्यांना आपल्याबरोबरच शिकू द्या. ती आपल्याआधी शिकतात आणि नंतर आपल्याला उठवायला येतात. साठीच्या पुढं असाल तरी गुडघे चांगले असतील तर जरूर शिका. फक्त दुपारनंतर थांबा. आणि कॅलेंडरवर ते दोन दिवस कोरे सोडा. घरचे विचारतील, ‘या दोन दिवशी काय करायचंय?’ तर सांगा, ‘ते तिथं गेल्यावर डोंगर सांगेल.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)